समुद्र आणि अखेरचे आठ कोस

मुदखेडच्या माणसाला समुद्र पाहावयाचा झाल्यास अवघा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. देवगिरी वा नंदिग्राम एक्स्प्रेसने तो मुंबई गाठतो आणि तेथून कोकणची वाट धरतो. हा दीर्घ प्रवास तो विनातक्रार करतो. त्याची खरी परीक्षा होते ती अखेरच्या आठ कोसांत. १९९८ साली कोकण रेल्वे अखंड सुरू झाली खरी. परंतु तिचा मार्ग बहुतांशी किनाऱ्यापासून आत आहे. रत्नागिरीस उतरणाऱ्यास गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर, कुडाळला उतरणाऱ्यास मालवण सुमारे ३० किलोमीटर. हर्णैचा किनारा पाहावयाचा तर खेडला उतरून प्रथम दापोली गाठली पाहिजे. ज्याच्यापाशी स्वतःची मोटार नाही, त्याचा येथे एकच आधार, आणि तो म्हणजे एस. टी.

हा आधार लहान नव्हे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. निजामाच्या राज्यात तर सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ पासूनच प्रवासी मोटारी चालविल्या होत्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे लागू झाले. वृद्ध आजी, आई, वडील व कॉलेजात शिकणारी मुलगी अशा चौघांचा प्रवास यामुळे दोन तिकिटांच्या पैशांत होतो. भाड्याच्या मोटारीचा हिशेब मध्यमवर्गीयांस ठाऊक आहेच.

मग अडते कोठे? अडते ते वेळापत्रकात. किनाऱ्यावरील गावांच्या गाड्या गावकऱ्यांच्या गरजेनुसार आखलेल्या असतात आणि ते योग्यच आहे. मुक्कामी गाडी पहाटे गावातून निघते, विद्यार्थ्यांना व बाजारकरूंना तालुक्यास आणते आणि रात्री त्यांना परत पोचविते. प्रवाशाची गरज नेमकी उलट असते. सकाळी त्याला किनाऱ्याकडे जावयाचे असते व सूर्यास्तानंतर परतावयाचे असते. त्या वेळी गाडी त्याच्या डोळ्यांसमोर उभी असते. परंतु ती निघणार दुसऱ्या दिवशी पहाटे! मग रिक्षावाला सांगेल ते भाडे मुकाट्याने द्यावे लागते.

प्रवाशांच्या सोयीसाठी गावकऱ्यांची गाडी काढून घ्यावी, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सुट्टीच्या हंगामात त्याच गाडीने मुक्कामास थांबण्यापूर्वी तालुक्यापर्यंत एक जादा फेरी करावी. परतीच्या खेपेस तालुक्यात खोळंबलेला गावकरीही तीतून घरी पोचेल. चालक-वाहकांवर याचा जादा भार पडेल, हे उघड आहे. त्याचा योग्य मोबदला त्यांस मिळालाच पाहिजे. याखेरीज किनाऱ्यावरील प्रत्येक थांब्यावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ ठळक अक्षरांत लिहावी. या फलकाला कितीसा खर्च येणार?

समुद्रावर कोणाची मालकी नाही. मात्र तेथवर नेणारी व तेथून परत आणणारी गाडी नसेल, तर तो मोटारवाल्यांचाच होऊन बसेल. महामंडळाने येत्या हंगामापूर्वीच याचा विचार करावा.