मुका पाहुणा

नव्या वस्तूचा स्वभाव कळायला चार दिवस लागतात म्हणतात. आमच्या नव्या लॅपटॉपने मात्र आल्या दिवशीच मौन धरले. चित्र दिसे, माणसांचे ओठ हलत, पण आवाजाचे नाव नाही! लक्ष्मीपूजनाला परदेशातल्या लेकीचा शब्द कानी पडावा म्हणून सासूबाई डोळे लावून बसलेल्या. आणि दुकानदार म्हणतो, ‘सुट्टीनंतर आणा.’

वाचकहो, अशा वेळी यंत्राला दोष देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, कळफलकावरची आवाज बंद करण्याची कळ. दुसरी, विंडोजमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवी टिचकी मारून ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘आउटपुट’ कोणते निवडले आहे ते. एचडीएमआयची तार टीव्हीला जोडलेली असली, की आवाज पुष्कळदा तिकडे जातो. आमचा आवाज चिरंजीवांच्या दप्तरात चालू राहिलेल्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये सुखाने नांदत होता! यादीतून ‘स्पीकर्स’ निवडताच तो घरी परतला.

तिसरी, व्हॉल्यूम मिक्सर. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज निराळा असतो. चौथी, ड्रायव्हर: डिव्हाइस मॅनेजरमधून तो काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की विंडोज बहुधा तो आपणच बसवते.

इतके करूनही तारेच्या हेडफोनमध्ये आवाज येतो नि स्पीकर मुकेच, तर मात्र पावती शोधावी. तोवर फराळ करावा. रिकाम्या पोटी कुणाचेच यंत्र ऐकत नाही.