खेळ थांबवतो कोण?



व्हिडिओ गेमचा विषय निघाला की मोठी माणसे काय म्हणणार, हे तुम्हांला पाठ झालेले असते. "आमच्या वेळी असले काही नव्हते!" मला तसे म्हणता येत नाही. आमच्या वेळी ते होते. मी सातवीत असताना, १९९३ च्या मे महिन्याच्या सुटीत, मावशीकडे टीव्हीला जोडायचा एक डबा आला. त्यात कॅसेट खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. आम्ही पाच भावंडे पाळीने खेळत असू. वीज गेली की खेळ संपे. मावशीच्या मालिकेची वेळ झाली की खेळ संपे. गडी मेला की पाळी संपे. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मी आजही अधूनमधून खेळतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे समजतो.

अगदी पहिल्या व्हिडिओ खेळांपैकी एक खेळ पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जन्मला, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा पाहण्यासाठी लोक येणार होते. त्यांना रुक्ष फलक पाहून कंटाळा येऊ नये म्हणून विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने एक युक्ती केली. प्रयोगशाळेत एक अ‍ॅनालॉग संगणक होता. फेकलेल्या वस्तूचा मार्ग कसा काढावा, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिले होते. हिगिनबॉथम यांनी तो मार्ग ऑसिलोस्कोपच्या छोट्याशा पडद्यावर उमटवला, मधोमध जाळे काढले आणि दोघांच्या हाती एकेक बटण दिले. झाला टेनिसचा खेळ! चेंडू तुमच्या पुस्तकातल्यासारखा परवलयाकार मार्गाने जाई, जमिनीवर आपटून उसळे. पाहणाऱ्यांची रांग लागली. हिगिनबॉथम यांनी त्याचे पेटंटसुद्धा घेतले नाही.

१९७२ मध्ये अटारी कंपनीचा 'पाँग' आला. त्यात गुरुत्वाकर्षण नव्हते. चेंडू फळीवर आपटला की आपतन कोनाइतकाच परावर्तन कोन व्हावा, हा नियमही नव्हता. फळीचे आठ भाग कल्पिलेले होते. मध्यावर लागलेला चेंडू जवळजवळ सरळ परते, कडेला लागलेला तिरपा जाई. हा नियम खेळणाऱ्याला कोणी सांगत नसे. तो त्याने हरत हरत शोधायचा. अंदाज बांधायचा, करून पाहायचे, चुकले तर अंदाज बदलायचा. यालाच आपण विज्ञानाची पद्धत म्हणतो.

१९७८ मधील 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळाची गंमत तर याहून मोठी. पडद्यावर परग्रहावरचे ५५ शत्रू रांगा धरून सरकत. त्यातील यंत्र सेकंदाच्या साठाव्या भागात एकाच शत्रूला हलवू शके. म्हणजे सर्वांचे एक पाऊल पुरे होण्यास ५५/६० सेकंद, जवळजवळ एक सेकंद लागे. पाचच उरले, की तेच पाऊल ५/६० म्हणजे १/१२ सेकंदात पुरे होई. शत्रू कमी होत जात तसे उरलेले वेगाने धावत! खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी यंत्राची ही मर्यादा खेळातच सामावून घेतली. विजय जवळ आला की छाती धडधडायची, ती या मर्यादेमुळे.

पण जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. नाणे टाकून खेळायची ती यंत्रे काही साधुसंतांनी बनवलेली नव्हती. तुम्ही लवकर हरावे आणि दुसरे नाणे टाकावे, असाच त्यांचा हिशेब असे. उलट आजच्या खेळांत काही अप्रतिम आहेत. २०१५ मध्ये पूर्ण रूपात आलेल्या 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'चे उदाहरण घ्या. त्यात अग्निबाण बांधून कक्षेत सोडायचे असतात. आपल्याच कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचे तर वेग वाढवून चालत नाही. प्रथम वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते, कारण तेथे प्रदक्षिणा लवकर पुरी होते. हे मी वर्गात कित्येक वर्षे शिकवत होतो. पण मनापासून पटले, ते या खेळात चार याने गमावल्यावर!

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? खेळ थांबवण्याबद्दल. नाण्याच्या यंत्राला पैसा मिळे तो तुमचा खेळ संपल्यावर. म्हणून तो खेळ संपे. मोबाइलवरील पुष्कळशा फुकट खेळांना पैसा मिळतो जाहिरातींतून आणि किरकोळ खरेदीतून, म्हणजे तुम्ही खेळत राहिलात तर. मग तो खेळ संपेल कशाला? त्यात शेवटची पायरी नसते. आज खेळलात तर बक्षीस, उद्या आला नाहीत तर मालिका तुटते. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसून आले होते, की दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की प्राणी कळ दाबणे सहसा सोडत नाही.

मी कबुतर नाही, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी मी एक रंग जुळवण्याचा खेळ मोबाइलवर घेतला. रात्री बारा वाजता नवे बक्षीस मिळे. सलग ४१ दिवस मी ते चुकवले नाही. उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते. एका रात्री पेपर बाजूला ठेवून बक्षीस घेतले, 'एकच डाव' म्हणून बसलो आणि दीड वाजता उरलेले पेपर उरकले. त्यांतील एका उत्तरपत्रिकेत गुणांची बेरीज सातने कमी झाली. फेरतपासणीत ती चूक सापडली म्हणून बरे. नाहीतर तो मुलगा नापास होता. माझ्या खेळाची किंमत तो देणार होता, आणि त्याला ते कधी कळलेही नसते.

खेळणे हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या विकाराचा समावेश आहे. पण ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, हे दीर्घकाळ चालले तरच तो विकार मानतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु जेथे पैशांऐवजी वेळ लावला जातो, तेथे कायदा कोठवर पुरणार?

म्हणून एक प्रयोग सुचवतो. साहित्य : वही, पेन्सिल, घड्याळ. सात दिवस प्रत्येक खेळाची नोंद करा. पहिल्या रकान्यात, किती मिनिटे खेळायचे ठरवले. दुसऱ्यात, प्रत्यक्ष किती झाली. तिसऱ्यात, खेळ कोणी थांबवला : मी, खेळाने, आईने की संपलेल्या बॅटरीने? पहिल्या आठवड्यात मी चौदा वेळा खेळलो. स्वतः होऊन थांबलो तीन वेळा. तो रंगांचा खेळ मी काढून टाकला. अग्निबाणांचा ठेवला आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मोबाइल हिसकावण्याने सुरुवात करू नका. या नोंदींचे आलेख वर्गात काढून घ्या, आणि आपली स्वतःची वहीही मुलांपुढे ठेवा.

आणि मित्रहो, तिसरा रकाना भरताना मात्र खोटे लिहू नका. ती वही कोणी तपासणार नाही. म्हणूनच ती खरी असली पाहिजे.