परसबाग आणि हाताचा गुण

मृग लागला की गावोगावी परसबागेच्या बियाण्यांची पाकिटे वाटली जातात. भेंडी, गवार, दोडका, दुधी, कारली, पालक अशी आठ-दहा भाज्यांची नावे त्यांवर असतात. वाटपाची नोंद होते, किती घरी पाकिटे पोचली याचा तक्ता वर जातो. श्रावण उलटल्यावर त्या वेलींना फळ धरले की नाही, हे पाहण्यास मात्र सहसा कोणी फिरकत नाही. ज्या घरी फळ धरले नाही, तेथील गृहिणी शेजारणीच्या भरलेल्या मांडवाकडे पाहते आणि आपल्या हातालाच गुण नाही अशी मनाची समजूत घालते. पुढील वर्षी ती बी लावीत नाही. मुलांच्या ताटात येणारी भाजी त्या समजुतीपायी बंद होते.

परसबाग फसण्याचे कारण हातात नसते. ते बहुधा मातीत, फुलात किंवा न्हाणीच्या पाण्यात असते, आणि ओळखता येण्याजोगे असते. ते ओळखण्यास शिकविणे हे बी वाटण्याइतकेच विस्तार कार्याचे अंग आहे, किंबहुना त्याहून महत्त्वाचे आहे.

वेलभाज्यांचे उदाहरण घ्यावे. दोडका, दुधी, लाल भोपळा, कारले यांच्या एकाच वेलीवर नर फुले व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. नर फूल नुसत्या देठावर असते. वेलीला प्रथम नर फुलेच येतात आणि ती गळतात. ही गळ रोग समजून घाबरून औषध मारणारे थोडे नाहीत. नत्र अधिक झाले, उन्हाचा ताप वाढला, तर नर फुलांचे प्रमाण आणखी वाढते. म्हणून युरियाची मूठ टाकून माजविलेला वेल मांडवभर पसरतो आणि फळ देत नाही. पुढे मादी फूल येते, पण नर फुलातील पराग त्याच्यापर्यंत पोचला नाही तर ते इवलेसे फळ पिवळे पडून झडते. पराग पोचविणारा कीटकच असतो. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, त्यावर मधमाश्या येतात. दुधी, पडवळ व दोडका यांची फुले दिवस मावळताना उमलतात. दुधी-पडवळाच्या पांढऱ्या फुलांवर तर अंधारात पतंग फिरतात. दिवसाची शेतकामे आटोपून संध्याकाळी परसात विषारी फवारा मारणारा मनुष्य नेमक्या त्याच वेळी आपल्या मदतनिसांना मारीत असतो, याची त्याला कल्पना नसते. कीटक कमी असतील तर नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. हे काम घरातील शाळकरी मूलही करू शकते. करटोलीची गोष्ट याहून निराळी. तिचे नर व मादी वेलच वेगळे असतात. रानातून आणलेले कंद सगळेच नर निघाले तर दहा वर्षे वाट पाहूनही फळ दिसणार नाही, आणि तेथेही दोष हाताचाच ठरतो!

सांडपाण्याबाबत अधिक स्पष्ट बोलणे अवश्य आहे. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी परसात वळवावे, हा सल्ला जुना आणि चांगला. तो रूढ झाला तेव्हा भांडी राखेने घासली जात आणि डोकी शिकेकाईने धुतली जात. आज त्या पाण्यात कपडे धुण्याची पावडर असते, आणि बहुतेक पावडरींत सोडियमचे क्षार असतात. काळ्या चिकण मातीत सोडियम साचला की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, वर पाणी साचते आणि वाळल्यावर दगडासारखे कवच धरते. अशा वाफ्यात मेथी उगवत नाही. कपडे धुतलेले पाणी वेगळे काढावे; उरलेले पाणी आळू, केळ, कर्दळ यांच्या खाचरातून पुढे न्यावे. जुना सल्ला जसाच्या तसा छापून वाटणे हे विस्तार कार्य नव्हे.

खताच्या बाबतीतही असेच घडते. धसकटे, कडब्याचा चुरा किंवा लाकडाचा भुसा न कुजविता वाफ्यात पुरला की रोपे पिवळी पडतात. पेंढ्यात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साठ ते ऐंशी भाग असतात. तो कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना आपल्या वाढीसाठी नत्र लागते, ते त्यांना पेंढ्यात पुरेसे मिळत नाही, म्हणून ते मातीतून उचलतात आणि रोप उपाशी राहते. शेणात नत्राचे प्रमाण पुष्कळ अधिक. दोन्ही मिसळून, ओलावा राखून, वरखाली करून कुजविले तर साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे हीच पद्धत बसविली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले. वाड यांचे नाव आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही.

चवळी व वाल यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र साठवितात, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. फुलोऱ्यावर आलेले एक रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे. एवढे एकदा पाहिलेला मनुष्य वांगी-टोमॅटो-मिरची एकाच वाफ्यात सालोसाल लावण्याऐवजी मध्ये शेंगवर्गीय पीक घेण्यास सहज तयार होतो.

किडींविषयीही ओळख हवी. मावा पडलेल्या शेंड्यावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची लांबट अळी फिरताना दिसली की ती चिरडली जाते. वस्तुतः ती ढालकिड्याची अळी असते व मावा खाते. याच्याच जातकुळीतील हड्डा भुंगेरा मात्र वांग्याची पाने खरवडून त्यांची चाळण करतो. त्याची अळी पिवळी व काटेरी असते. दोघांतला भेद पाकिटावर छापता येत नाही, पानावरच दाखवावा लागतो. एके काळी दोघांवरही सरसकट भुकटी धुरळली जाई, बी.एच.सी.चा वापर आपल्या देशात १९९७ साली बंद झाला.

शेतकऱ्याला शास्त्र कशाला, रीत सांगितली की पुरे, असे कित्येक जाणते अधिकारी म्हणतात. रीत ज्या परसात तयार झाली त्या परसापुरतीच खरी असते. कोकणातील जांभ्या मातीवर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी उन्हाळ्यात तिला रोज पाणी लागते. मराठवाड्यातील काळ्या मातीला तेच पाणी दिले तर मिरचीची मुळे कुजतात. एक दिवसाआड पाणी द्या, हे वाक्य दोन्हीकडे चुकते. मूठभर माती दाबून तिचा ओलावा पाहण्यास शिकलेली गृहिणी कोठेही चुकत नाही.

तेव्हा पाकिटांबरोबर निदान दोन भेटी ठरवाव्यात. एक बी पेरण्यापूर्वी, माती व पाणी पाहण्यासाठी. दुसरी वेल फुलावर आल्यावर, दिवस मावळताना, मांडवाखाली उभे राहून नर-मादी फुले दाखविण्यासाठी. ही दुसरी भेट कार्यालयीन वेळेत बसत नाही. दौऱ्याच्या कार्यक्रमात तिला स्थान देण्यास वरिष्ठांनी संमती द्यावी, आणि तक्त्यात वाटलेल्या पाकिटांशेजारी फळ धरलेल्या वेलींचा एक रकाना वाढवावा.