हिग्वेनवर हसण्याआधी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नातवाने एक चित्रफीत टाकली. जेमतेम दीड मिनिटाची. अर्जेंटिनाचा गोन्झालो हिग्वेन एकटाच पुढे, समोर फक्त गोलरक्षक, आणि चेंडू बाहेर. मग दुसरा सामना, पुन्हा तेच. मग तिसरा. पार्श्वभूमीला सर्कशीतले संगीत. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. मी मोजले, अकरा होते. म्हणजे हसणाऱ्यांचा पुरता संघच झाला.

मला हसू आले नाही, राग आला. तो गटावर लिहिला असता तर "आजोबा सेंटी झाले" म्हणून विषय मिटला असता. म्हणून इथे लिहितो आहे. ज्याने ती फीत टाकली तो हे वाचणार आहे, याची मला खात्री आहे.

आधी जे खरे आहे ते मान्य करून टाकतो. त्या तिन्ही संधी सोप्या होत्या. १३ जुलै २०१४, रिओ, विश्वचषकाची अंतिम लढत. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी जागा होतो. एकविसाव्या मिनिटाला जर्मनीच्या क्रूसने डोक्याने मागे ढकललेला चेंडू थेट हिग्वेनच्या पुढ्यात आला. समोर एकटा नॉयर. याने घाई केली आणि चेंडू खांबाबाहेर गेला. २०१५ साली सांतियागोत कोपा अमेरिकाची अंतिम लढत, चिलीविरुद्ध. वेळ संपत आलेली, लावेझ्झीचा पास, आणि हिग्वेनचा फटका बाजूच्या जाळीला बाहेरून लागला. नंतर पेनल्टीही त्याने आडव्या खांबावरून मारली. २०१६ साली न्यू जर्सीत पुन्हा चिली, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा एकटा गोलरक्षक समोर, पुन्हा बाहेर. तिन्ही वेळा अर्जेंटिना हरली. आणखी एक मीच सांगतो, कारण हिशेब लपवायचा नाही. मे २०१५ मध्ये नापोलीचा लीगमधला शेवटचा सामना लाझिओशी होता. हिग्वेनने दोन गोल केले, बरोबरी साधून दिली, आणि त्यानंतर मिळालेली पेनल्टी घालवली. नापोली हरले आणि त्यांची चॅम्पियन्स लीग हुकली.

एवढे सांगून झाल्यावर आमचे नातेवाईक म्हणतात, "बघा, मोठ्या सामन्यात कचखाऊ." इथे माझा आक्षेप आहे. हा निकाल उत्तरपत्रिकेचे एकच पान तपासून दिलेला आहे. उरलेली पाने उलटून तर बघा.

४ मे २००८. रेआल माद्रिदचा सामना ओसासुनाच्या मैदानावर. माद्रिदचे दहाच खेळाडू उरलेले, संघ एका गोलने मागे, सामना संपायला काही मिनिटे. रॉबेनने बरोबरी केली आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल झाला. त्या गोलने स्पॅनिश लीगचे विजेतेपद पक्के झाले. गोल करणारा पोरगा वीस वर्षांचा होता, नाव हिग्वेन. ऑक्टोबर २००९. विश्वचषकाला जायचे की घरी बसायचे अशा अवस्थेत अर्जेंटिना, समोर पेरू. पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळणाऱ्या हिग्वेनने गोल केला. शेवटी पालेर्मोने भर पावसात विजय मिळवून दिला, ते सगळ्यांना आठवते. पहिला गोल कोणाचा, ते कोणी विचारत नाही. २०१० च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने तीन गोल केले.

आता २०१४ च्याच विश्वचषकाचे गणित मांडू. बाद फेरीत अर्जेंटिना चार सामने खेळली. त्यांतले तीन जादा वेळेत गेले, म्हणजे एकूण ४५० मिनिटे. एवढ्या वेळात मेस्सीसकट त्या सगळ्या संघाने किती गोल केले? दोन. एक दि मारियाचा, स्वित्झर्लंडविरुद्ध. दुसरा बेल्जियमविरुद्ध, आठव्या मिनिटाला, हिग्वेनचा. त्या एका गोलावर अर्जेंटिना २४ वर्षांनी उपांत्य फेरीत गेली. म्हणजे ज्याने तुम्हाला अंतिम सामन्याच्या वाटेवर नेले, त्यालाच तुम्ही अंतिम सामन्यावरून हिणवता. त्याच सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीला मेस्सीचा फटकाही बाहेर गेला होता, आणि जादा वेळेत पालासिओने अशीच संधी दवडली. २०१६ ला पेनल्टी मेस्सीनेही आकाशात मारली. पण मेस्सीची चूक ही शोकांतिका आणि हिग्वेनची चूक हा विनोद! हा न्याय कुठला?

आता इटलीकडे. तिथल्या लीगमध्ये एका मोसमात ३५ गोलांचा नॉर्डालचा विक्रम १९५० पासून कोणाला मोडता आला नव्हता. २०१५-१६ मध्ये हिग्वेनने नापोलीसाठी ३५ सामन्यांत ३६ गोल केले. मधे शिक्षा म्हणून तीन सामने बाहेर बसावे लागले होते, हेही लक्षात घ्या. शेवटच्या दिवशी विक्रमासाठी तीन गोल हवे होते. त्याने तीन केले, आणि तिसरा छातीवर चेंडू घेऊन उलट्या कात्रीने. दडपणाखाली मोडणारा माणूस असे करतो का? पुढे युव्हेंट्सने त्याच्यासाठी नऊ कोटी युरो मोजले. नापोलीत त्याला गद्दार ठरवून त्याचे शर्ट जाळले गेले. नापोलीविरुद्ध पहिल्याच लढतीत त्याने विजयी गोल केला आणि आनंद साजरा न करता माफी मागितल्यासारखे हात वर केले. ते हात मला फार आवडले.

यावर हुशार मंडळी म्हणतील, "गुरुजी, खेळाडूला पैसे मिळतात, टीका सोसावी." टीका जरूर करा. घाईत मारला, शरीर मागे झुकले, नजर गोलरक्षकावर हवी होती, असे सांगणे ही टीका. दीड मिनिटाची फीत कापून त्याखाली सर्कस वाजवणे ही टीका नव्हे, हा टवाळपणा. टीकेने खेळाडू सुधारू शकतो. टवाळीने फक्त टवाळाची करमणूक होते.

आणि टवाळीची स्मरणशक्ती किती स्वार्थी असते बघा. १८ डिसेंबर २०२२, फ्रान्सविरुद्ध अंतिम सामना. जादा वेळेत लाउतारो मार्तिनेझने एकाहून अधिक संधी घालवल्या. अगदी शेवटच्या क्षणी डोक्याने मारलेला चेंडूही बाहेर गेला. नंतर पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली, आणि लाउतारोच्या त्या चुका पुसल्या गेल्या. पुसल्या गेल्या याचा मला आनंदच आहे. २०२४ च्या कोपा अंतिम सामन्यात विजयी गोल त्यानेच केला. पण फरक लाउतारो आणि हिग्वेन यांच्या पायांत होता, की गोलरक्षक एमिलियानो मार्तिनेझच्या पायात, ज्याने काही क्षण आधी फ्रान्सचा हुकमी गोल अडवला? हिग्वेनच्या वाट्याला तो पाय आला नाही. त्याने २०१९ मध्ये देशाकडून खेळणे थांबवले, ७५ सामन्यांत ३१ गोल करून. ऑक्टोबर २०२२ मध्ये मायामीकडून शेवटचा सामना खेळून तो रडत मैदानाबाहेर गेला. दोन महिन्यांनी त्याचा देश विश्वविजेता झाला.

एवढा राग का, असे विचाराल. तर ऐका. हे मी घरीही कधी सांगितलेले नाही.

१९८० च्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात होता. शेवटच्या मिनिटाला आमच्या एका मुलाने खांबावर सूर मारला. गडी निसटला, हा खांबावर आपटला, आणि आम्ही एका गुणाने हरलो. दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना मी त्याला "या खांबसाहेब" म्हणालो. वर्ग खो खो हसला. मलाही माझ्या विनोदाचे कौतुक वाटले. दहावीपर्यंत तो शाळेत 'खांब'च राहिला. पुन्हा मैदानावर आला नाही. त्या वर्षी जिल्ह्यापर्यंतच्या प्रत्येक सामन्यात सर्वांत जास्त गडी त्यानेच बाद केले होते. ते एकदाही वर्गात सांगावे, असे मला सुचले नाही.

निवृत्तीनंतर एकदा एसटी स्टँडवर एक टक्कल पडलेला गृहस्थ पाया पडला. मी ओळखले नाही. तो संकोचून म्हणाला, "सर, मी खांब." त्याला वाटले, सरांना दुसरे नाव आठवणार नाही. आणि खरेच आठवले नाही.

म्हणून नातवा, तुझी फीत काढून टाक असे मी म्हणत नाही. तिच्या खाली ओसासुनाचा तो एकोणनव्वदाव्या मिनिटाचा गोल आणि छत्तिसावा गोल तेवढे जोड. मग हसायचे की नाही ते त्या अकरा जणांनी ठरवावे.