खेळ रचला कोणी, मालक कोण?

जुने संगणकीय खेळ नव्या चित्रांनी सजवून पुन्हा विकण्याचा उद्योग सध्या भरात आहे. त्याला ‘वारशाचे जतन’ असे गोंडस नाव आहे. या जतनाचे अर्थशास्त्र तपासावयास हवे.

‘ब्लिझर्ड’ या अमेरिकन कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट ३’ हा खेळ २००२ साली आला. सोबत नवे नकाशे रचण्याचे साधनही होते. ते वापरून जगभरच्या खेळाडूंनी, कंपनीकडून छदामही न घेता, असंख्य नवे खेळ घडविले. त्यांपैकी ‘डोटा’ इतका गाजला, की ‘व्हॉल्व्ह’ या दुसऱ्याच कंपनीने २०१३ साली ‘डोटा २’ काढून त्यावर अमाप पैसा मिळविला. ब्लिझर्डला हे शल्य बोचले असावे. जानेवारी २०२० मध्ये तिने जुन्या खेळाची नवी आवृत्ती आणली आणि अटींत कलम घातले: खेळाडूंनी रचलेले खेळ ही कंपनीचीच मालमत्ता! शिवाय जुनी प्रत बाळगणाऱ्यांनाही इंटरनेटवर खेळण्यासाठी त्याच नव्या सांगाड्यात कोंबण्यात आले. ओरड झाली, तेव्हा नव्या आवृत्तीचे पैसे परत देऊ केले गेले.

साधन कंपनीचे, म्हणून निर्मितीही तिचीच, असा युक्तिवाद केला जातो. मग यंत्रमाग बनविणाऱ्याने त्यावर विणलेल्या प्रत्येक धोतरावर हक्क सांगावा काय? आणि गिरणीमालक विणकराला निदान मजुरी तरी देत असे!

रचनेवर रचणाऱ्याचाच हक्क राहील आणि विकलेली जुनी प्रत कंपनीला परस्पर बदलता येणार नाही, एवढे तरी कायद्याने बांधून घेतलेच पाहिजे.