खालची पट्टी



2024 मध्ये दिवाळी आणि निवडणूक हातात हात घालून आल्या. विधानसभेचे उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत 29 ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीला संपत होती. माघारीचा दिवस 4 नोव्हेंबर, म्हणजे भाऊबीजेचा दुसरा दिवस. मतदान 20 नोव्हेंबरला. हा दिवाळी अंक छापायला देताना बाहेर आकाशकंदील आणि बॅनर एकाच शिडीवरून चढताना दिसत होते.

आमच्या घरी संध्याकाळी लोकल चॅनल लागतं. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या अमळनेरात अनेक घरांत लागतं. नळाला पाणी कधी येणार, कुठल्या भागात वीज बंद, कोणाचा दशक्रिया विधी बोरी नदीकाठी किती वाजता, कोणाचं पाकीट सापडलं, हे तिथेच कळतं. वैशाखात गावात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं तो ह्याच पडद्यावर पाहून हात जोडतात. शेजारच्या आजींना मी एकदा विचारलं होतं की हे सगळं खरं कशावरून? त्या म्हणाल्या, "टीव्हीवर दखाडं ना भाऊ, मंग खरंच व्हई!"

आजींचा हा विश्वास एका दिवसात तयार झालेला नाही. चॅनलने पाण्याची वेळ सांगितली आणि पाणी आलं, असं वर्षानुवर्षं घडत आलं, म्हणून तो बसला. निवडणुकीत विकला जातो तो हाच विश्वास. दशक्रियेची वेळ सांगणारा आवाज दुसऱ्या दिवशी एखाद्याला विकासपुरुष म्हणतो, आणि आजींना दोन्हींत फरक दिसत नाही. मागच्या एका निवडणुकीत मी अर्धा तास एका उमेदवाराची मुलाखत पाहिली. समोर टेबल, फुलदाणी, ओळखीचा निवेदक. एकही अडचणीचा प्रश्न आला नाही. खालच्या पट्टीवर सोन्याचे भाव पळत होते. ‘जाहिरात’ हा चार अक्षरांचा शब्द शेवटपर्यंत कुठेही आला नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुलाखत, तीच फुलदाणी, तेच हसू, सकाळ-संध्याकाळ. तेव्हा कळलं की ती वेळ विकत घेतलेली होती.

टीव्हीवरच्या प्रचाराला कायदा नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2004 रोजी आदेश दिला आणि त्यावरून निवडणूक आयोगाने नियम घालून दिले: टीव्हीवर आणि केबलवर कोणतीही राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घेतल्याशिवाय दाखवायची नाही. जिल्ह्याची माध्यम प्रमाणीकरण समिती त्यासाठीच असते. पक्षाने आणि उमेदवाराने प्रसारणाच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी. सोबत जाहिरातीची प्रत आणि शब्दन् शब्द लिहून काढलेली संहिता. (अहिराणी गाण्यांच्या चालीवर प्रचाराची गाणी बांधली जातात, त्यांचीही. अहिराणीत एका शब्दाचे दोन अर्थ किती सहज निघतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.) जाहिरात बनवायला किती खर्च आला, किती वेळा दाखवणार, दर काय, हेही अर्जात भरायचं आणि पैसे धनादेशाने किंवा डिमांड ड्राफ्टने देऊ असं लिहून द्यायचं. हे शेवटचं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. पैसा बँकेतून गेला की त्याला नाव लागतं, आणि तो उमेदवाराच्या 40 लाखांच्या खर्चमर्यादेत मोजता येतो.

मुलाखतीचा वेश घेतलेली जाहिरात ह्या सगळ्यातून निसटते. ती अर्जात येत नाही, संहितेत येत नाही, खर्चातही येत नाही. महाराष्ट्राला ह्या रोगाचं नाव 2009 मध्ये कळलं. त्या वर्षी 13 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान, 22 ला मतमोजणी, आणि मधे दिवाळी. नंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर लिहिलं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये अहवाल दिला आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द आपल्या भाषेत कायमचा राहायला आला. तेव्हा बोट दाखवलं गेलं ते मुख्यतः मोठ्या वर्तमानपत्रांकडे. तालुक्याच्या केबलकडे कोणी फारसं पाहिलं नाही.

चॅनल चालवणाऱ्यांची बाजूही मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. सेट टॉप बॉक्स आल्यापासून धंद्याचं गणित बदललं, तरुण पोरं मोबाइलवर गेली, कॅमेरावाल्याचा पगार निघत नाही. कापूसवाल्याला जसा दिवाळीनंतरचा सिझन, तसा ह्यांना निवडणुकीचा. "आम्ही फक्त दाखवतो, बोलणारे ते," असं ते म्हणतात. अमेरिकेत हे म्हणणं कायद्याला धरून आहे: तिथे उमेदवाराची जाहिरात घेतली की चॅनलला तिच्यात काटछाट करता येत नाही. ब्रिटनमध्ये टीव्हीवर राजकीय जाहिरात घेताच येत नाही. आपण मधला रस्ता धरला आहे. इथे प्रमाणपत्र नसेल तर नाही म्हणण्याची जबाबदारी दाखवणाऱ्यावर आहे. दाखवणारा गावातलाच, रोज भेटणारा, म्हणून नाही म्हणणं अवघड जातं हे मला कळतं. पण तो गावातलाच आहे म्हणूनच तर आजी त्याच्यावर विश्वास ठेवतात.

आवाज कोणाचा ते उघड सांगणं ह्या गावाला नवं नाही. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी रात्री जागून ‘छात्रालय’ दैनिक हाताने लिहीत आणि सकाळी मुलं ते वाचत. पुढे 1938 मध्ये त्यांनी अमळनेरातूनच साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ‘काँग्रेस’. मला त्या नावाचा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. वाचणाऱ्याला पहिल्या पानाच्या माथ्यावरच कळत होतं की हा आवाज कुठून येतो आहे. ज्याला पटेल त्याने वाचावं, न पटेल त्याने वाद घालावा. पक्ष घेण्यात कमीपणा नव्हता, पक्ष लपवणं गुरुजींना जमलंच नसतं. 24 डिसेंबर 2024 ला त्यांच्या जन्माला सव्वाशे वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरात साहित्य संमेलन झालं तेव्हा आपण सर्वांनी त्यांचं नाव अभिमानाने घेतलं.

दिवाळी अंकही जाहिरातींवरच चालतो. ह्या अंकातही राजकीय मंडळींच्या शुभेच्छा आहेत. प्रत्येकीवर ‘जाहिरात’ असं ठळक छापलं आहे आणि पैसे कोणी दिले त्याचं नावही. एका इच्छुक उमेदवाराच्या माणसाला दोन पानं हवी होती, पण लेख म्हणून, आमच्या लेखकाच्या नावाने. रक्कम मोठी होती, त्यात अंकाचा कागद निघाला असता. आम्ही ती घेतली नाही. त्या दोन पानांवर आता, प्रमाणपत्र नसलेली जाहिरात किंवा मुलाखतीच्या वेशातली जाहिरात दिसली तर जळगावच्या समितीकडे तक्रार कशी करायची आणि मोबाइलवरचं निवडणूक आयोगाचं ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅप कसं वापरायचं, ते छापलं आहे. अक्षर मोठं ठेवलं आहे, आजींना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

– संपादक, अमळनेर