बाटलीतलं भूत, अंगातली देवी

स्टीफन किंगच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९७७) दारू सोडलेला जॅक टॉरन्स बर्फात अडकलेलं हॉटेल राखायला जातो. तिथल्या रिकाम्या बारमध्ये, प्रत्यक्षात नसलेला बारटेंडर त्याच्यापुढे प्याला सरकवतो. किंग तेव्हा स्वतः दारूच्या विळख्यात होता; जॅकमध्ये आपण स्वतःलाच लिहिलं, हे त्याला फार पुढे उमगलं. ‘डॉक्टर स्लीप’मध्ये (२०१३) जॅकचा मुलगाही दारूतच बुडतो, पण व्यसनमुक्तीच्या बैठकांना जाऊन सावरतो.

मराठी मातीतला ‘तुंबाड’ हा चित्रपट (२०१८) बापाकडून मुलाकडे येणारा हाच वारसा हव्यासाच्या रूपात दाखवतो: बाप मुलाला हस्तर या शापित देवाच्या सोन्याच्या मुद्रा पळवायला शिकवतो.

अक्कलकुव्याजवळच्या खापरच्या वाचकाला मात्र याच्या अगदी उलटी कथा जवळची वाटावी. १९२२-२३ मध्ये, सीमेपलीकडच्या दक्षिण गुजरातेत, सलाबाई देवी आदिवासींच्या अंगात येऊ लागली. दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी पिठेवाल्यांशी संबंध तोडा, असे तिचे हुकूम. ती लाट खानदेशातही पोचली. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७च्या ग्रंथात तिचा इतिहास मांडला आहे. पुढे १९३०च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांनीही दारूबंदीचाच आग्रह धरला.

म्हणजे इथे झपाटलेपणानेच माणसं व्यसनातून बाहेर काढली! इतकं नाट्य आपल्या भयकथेने का वापरू नये? अर्थात, सातपुड्यात मोहाची दारू देवालाही वाहतात. म्हणून लेखकाने प्रत्येक प्याल्यात भूत बघू नये. उधारीवर पाजून जमीन गिळणाऱ्या पिठेवाल्यालाही कथेत आणावं.